टॉवेललाही ‘स्ट्रेस’ येतो : ताण मोजणाऱ्या घड्याळांचं परीक्षण

सोलापूरच्या नवी पेठेत स्मार्टवॉच घ्यायला निघालात, तर पिशवीत एक छोटा टॉवेल ठेवा. दुकानात टॉवेलची मनगटाएवढी घट्ट गुंडाळी करायची, घड्याळ तिच्यावर बांधायचं आणि ठोके मोजायला लावायचं. बऱ्याच घड्याळांच्या पडद्यावर थोड्या वेळात आकडा येतो. ७२, ८८, काहीही. मग ‘स्ट्रेस’चं चिन्ह दाबलं की काही घड्याळं टॉवेलचा ताणही सांगून मोकळी होतात. सोलापूरच्या कापडाला ताण असतो हे खरं, पण तो मागावर असेपर्यंत.

घड्याळ बिघडलेलं असतं म्हणून हे होत नाही. त्याच्या पाठीवरचा हिरवा दिवा समोरच्या पृष्ठभागावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड शेजारचा सेन्सर मोजतो. कातडीखाली रक्ताची लाट आली की हिरवा उजेड जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो. लाट ओसरली की उलट. या चढउतारातून घड्याळ ठोके मोजतं. टॉवेलमध्ये रक्त नाही, पण उजेडाची थोडीफार थरथर असते आणि प्रोग्राम तिच्यात लय शोधत बसतो. चांगलं घड्याळ लय पटली नाही की आकड्याऐवजी रेघ दाखवतं. तेव्हा टॉवेलवर रेघ आली तर घड्याळाला निदान ‘माहीत नाही’ म्हणता येतं, एवढं कळलं. महागड्या घड्याळालाही टॉवेल कधीमधी फसवतो, म्हणून तीन वेळा करून बघा.

निकाल आधीच सांगतो. वेळ, चाललेली पावलं, झोपेचे तास आणि विश्रांतीतले ठोके यांसाठी घड्याळ घ्यायचं तर घ्या. ‘स्ट्रेस’ मोजतं म्हणून दुकानदार हजार रुपये वर मागत असेल, तर ते हजार वाचवा.

आकडा येतो कुठून

मिनिटाला ७५ ठोके म्हणजे दोन ठोक्यांत सरासरी ८०० मिलिसेकंद. पण निरोगी हृदय घड्याळाच्या काट्यासारखं चालत नाही. सलग पाच अंतरं ८००, ८४०, ७९०, ८३०, ८१० अशी येतात. शेजारशेजारच्या अंतरांतले फरक झाले ४०, ५०, ४०, २०. प्रत्येकाचा वर्ग करायचा, सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. उत्तर साधारण ३९ मिलिसेकंद. याला एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराची लवचिकता. (एचआरव्ही काढायच्या पद्धती अनेक आहेत. मनगटावरच्या घड्याळांत बहुतेक ही किंवा हिच्या जवळची वापरतात.)

ही लवचिकता येते मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. तो हृदयाचा ब्रेक. श्वास आत घेताना ब्रेक थोडा सैल होतो आणि सोडताना लागतो, म्हणून अंतरं कमीजास्त होतात. माणूस घाबरला, धावला, तापला की ब्रेक सुटतो. अंतरं ६४०, ६४५, ६३८, ६४२ अशी एकसारखी होतात आणि तोच हिशेब ५ ते ६ मिलिसेकंदांवर येतो. घड्याळ म्हणतं, ताण वाढला.

इथपर्यंत शास्त्र बरोबर आहे. पुढे मात्र हा आकडा, ठोक्यांचा वेग, हालचाल आणि तुमचं वय एकत्र करून ० ते १०० चा गुण बनवला जातो आणि त्याची रीत कंपन्या पूर्णपणे उघड करत नाहीत. गार्मिन कंपनीच्या घड्याळात २५ पर्यंत विश्रांती, २६ ते ५० कमी ताण, ५१ ते ७५ मध्यम आणि ७६ ते १०० जास्त. दुसऱ्या कंपनीचे ६० हे गार्मिनचे ६० नव्हेत. घरात दोघांची घड्याळं वेगळ्या कंपन्यांची असतील, तर कोणाला जास्त ताण आहे यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीची असली तरी नाही, कारण एचआरव्ही वयानुसार घटतो आणि माणसागणिक बदलतो.

मेंदूत जे घडतं, त्यातलं घड्याळाला किती दिसतं

उधारीवर सूत उचललेलं आहे आणि व्यापाऱ्याचा फोन वाजतो. मेंदूच्या आतल्या भागात बदामाएवढा अमिग्डाला असतो. विचार करायच्या आधी तो धोक्याची घंटा वाजवतो. घंटेचा निरोप मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाकडे जातो आणि तिथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट मज्जातंतूंची. क्षणात हृदय धडधडतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रेनलिन सुटतं, तळहात ओले होतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘लढा किंवा पळा’ म्हणून जिचं वर्णन केलं, ती हीच. घड्याळाला या वाटेची एक झलक दिसते, तीही हृदयापुरती.

दुसरी वाट संप्रेरकांची आणि संथ आहे. हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला सांगतो, ती मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला सांगते आणि मग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. रक्तातली पातळी शिखरावर जायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. फोन ठेवून तुम्ही चहा प्यायलात, धडधड थांबली, घड्याळाचा आकडा हिरवा झाला, आणि कॉर्टिसॉल त्या वेळी कुठे चढायला लागलेलं असतं. हिरव्या दिव्याला कॉर्टिसॉल दिसत नाही. घड्याळाच्या जाहिरातीत ‘कॉर्टिसॉल’ शब्द दिसला तर तो डबा परत ठेवा.

एकदा चढून उतरलेलं कॉर्टिसॉल वाईट नसतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते रोज चढतंच, त्याशिवाय अंथरूण सुटणार नाही. अडचण होते ते आठवडे, महिने उतरत नाही तेव्हा. कॉर्टिसॉल आवरायचा ब्रेक मेंदूत ज्या ठिकाणांहून लागतो त्यांतलं एक हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी रुजवणारा भाग. तणाव-संप्रेरकं पकडणारे रिसेप्टर या भागात भरपूर आहेत हे मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकीवन आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली उंदरांच्या मेंदूत दाखवलं. तोपर्यंत ही संप्रेरकं म्हणजे मुख्यतः गळ्याखालच्या शरीराचा मामला समजत. ज्या भागानं ब्रेक लावायचा, तोच भाग सततच्या कॉर्टिसॉलनं झिजतो. मग ब्रेक आणखी सैल. दीर्घ ताणाचं चक्र स्वतःहून का थांबत नाही, याचं एक कारण हे.

याच्या पुढचं महत्त्वाचं काम भारतातलं आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या, आणि अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या होत्या. पुढच्या कामात त्यांनी उंदरांना २१ दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली. कर्ज फिटल्यावरही फोन वाजला की छातीत धस्स होतं त्यामागे असंच काही असावं. उंदरांवरून माणसांवर थेट उडी मारू नये, पण दिशा पटण्यासारखी आहे.

तिसरा भाग कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. हिशेब, संयम, एक काम सोडून दुसऱ्यात लक्ष घालणं हे त्याचं खातं. तीव्र ताणात मेंदूतली नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायनं जास्त झाली की हा भाग आधी ढिला पडतो आणि कारभार सवयीच्या, प्रतिक्षिप्त भागांकडे जातो. मुलावर विनाकारण ओरडणं, बिलाची बेरीज तीनदा चुकणं, गॅस बंद केला का म्हणून परत परत बघणं. हे स्वभाव बिघडल्याचं लक्षण नाही. २००९ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना मोठ्या परीक्षेआधीच्या चार आठवड्यांच्या तणावानंतर तपासलं, तेव्हा लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याची क्षमता मंदावली होती. परीक्षा झाल्यावर महिनाभरात ती पूर्ववत झाली. दहावी-बारावीच्या आणि नीटच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. परीक्षेच्या तोंडावरचा विसरभोळेपणा बहुतेकदा आळस नसतो, आणि सुट्टीत तो सुटतो.

विसरणं, चिडणं, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं, हे सगळं मेंदूतलं काम. मनगटावरच्या हिरव्या उजेडाला त्यातलं काहीही दिसत नाही. चिडचिड करणाऱ्याचं हृदय शांत असू शकतं. नैराश्यात माणूस तासन्‌तास पडून असतो. ठोके संथ, हालचाल नाही, आणि घड्याळ खुशाल ‘विश्रांती उत्तम’ म्हणतं. घड्याळाचा सगळ्यात धोकादायक आकडा कुठला विचाराल तर आमचं बोट या हिरव्या आकड्याकडे आहे. लाल आकडा फार तर घाबरवतो, हा गाफील ठेवतो.

हा नुसता तर्क नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ८०० तरुणांना तीन महिने गार्मिनचं व्हिव्होस्मार्ट ४ बांधलं आणि दिवसातून चार वेळा ‘आत्ता ताण किती’ हे फोनवर विचारलं. माणसाचं उत्तर आणि घड्याळाचा गुण यांचा मेळ जवळपास बसलाच नाही. सुमारे पाव लोकांत दोघांची साक्ष एकमेकांच्या उलट निघाली. झोपेचे तास मात्र घड्याळानं बऱ्यापैकी बरोबर धरले. घड्याळाला उत्साहातली धडधड आणि काळजीतली धडधड वेगळी कळत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालताना आणि बँकेच्या नोटिशीमुळे होणारी धडधड त्याच्या लेखी एकच.

सोलापुरात आकडा कशानं चुकतो

एक, ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त ढकललं जातं. ठोके वाढतात, पाणी कमी पडलं की आणखी वाढतात, एचआरव्ही घटतो. दुपारी सात रस्त्यावरून चालत आलात तर घड्याळ तुम्हाला चिंताग्रस्त ठरवेल. सावलीत अर्धा तास बसून, पाणी पिऊन पुन्हा बघा. घामाच्या विद्युतवाहकतेवरून ताण सांगणारी घड्याळंही आहेत, फिटबिट सेन्स हे त्यातलं एक. आपल्या मे महिन्यात घाम कशाचा, हे त्यांना कोण सांगणार.

दुसरं, हातांचं काम. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मनगटाला सतत ठरावीक लयीचे हादरे बसतात. सेन्सर त्या लयीलाच नाडी समजतो आणि मागाच्या ठोक्यांना हृदयाचे ठोके म्हणून मोजतो. विड्या वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत हादरे नसतात, पण बोटं चालतात तसे मनगटातले स्नायुबंध सेन्सरखाली सरकत राहतात. या दोन्ही कामांच्या वेळेतले आकडे सरळ सोडून द्यावेत. दुकानदार ‘पट्टा घट्ट करा’ म्हणेल. जास्त आवळलं तर रक्तप्रवाहच दबतो, सिग्नल आणखी बिघडतो आणि घामानं पुरळ उठतं ते वेगळंच.

गोंदण हा तिसरा अडथळा. मनगटावर गोंदलेल्या आजींच्या हाताला घड्याळ बांधलं तर शाई हिरवा उजेड शोषून घेते आणि आकडा एक तर येत नाही, नाहीतर भलताच येतो. घड्याळ दुसऱ्या हाताला किंवा गोंदण सोडून वर, कोपराच्या बाजूला बांधायचं. काचेच्या बांगड्यांमुळे घड्याळ हाडावर सरकत असेल तर तेही बांगड्यांच्या वर, कोपराच्या दिशेला चढवायचं.

चहा, मावा, विडी. निकोटीन काही मिनिटांत ठोके वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. पोटभर जेवणानंतरही ठोके काही काळ चढेच असतात, मटणाच्या ताटानंतर तर विचारू नका. रात्री दारू घेतली असेल तर त्या रात्रीचा एचआरव्ही हमखास पडतो. माणूस मात्र सांगतो, ‘घेतली की ताण जातो.’ इथं घड्याळाची साक्ष खरी मानायला हरकत नाही.

आणि आता आजार नि औषधं, कारण सगळ्यात मोठे घोटाळे इथं होतात. जुन्या मधुमेहात हृदयाकडच्या मज्जातंतू दुबळ्या होतात आणि एचआरव्ही कायमचा खाली राहतो. घड्याळ चोवीस तास ताण दाखवणार. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके दाबून ठेवलेले असतात आणि गुण दिसायला छान येतो. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या औषधांनी उलट होतं. ठोका मध्येच लवकर पडण्याची सवय असेल तर ८००, ५००, ११००, ८१० अशी अंतरं येतात आणि आधीचा हिशेब एकदम ४०० च्या वर जातो. प्रोग्रामनं तो ठोका वगळला नाही तर घड्याळ म्हणेल, ‘वा, किती निवांत!’ एट्रियल फिब्रिलेशनमध्येही (हृदयाची लय अनियमित होणारा विकार) हेच. अशांनी ताणाचा पडदा बंद करून टाकावा, आणि ठोके अनियमित असल्याची सूचना वारंवार येत असेल तर फिजिशियनकडे जाऊन ईसीजी काढावा. तो खरा.

तरी घेतलंच असेल तर

दिवसभराचा गुण बघू नका. रात्रीचा बघा. झोपेत हालचाल, चहा, ऊन, फोन काहीच नसतं, म्हणून झोपेतला एचआरव्ही आणि विश्रांतीतले ठोके हे घड्याळाचे सर्वांत विश्वासू आकडे.

पट्टा मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर बांधायचा. करंगळी जेमतेम खालून जाईल इतपत घट्ट. मागची काच रोज ओल्या फडक्यानं पुसायची, घाम आणि खोबरेल तेलाचा थर उजेड अडवतो. पहिले १४ दिवस फक्त नोंदी होऊ द्यायच्या, त्यावर काही ठरवायचं नाही. त्यातून तुमची स्वतःची सरासरी निघते. नंतर एखादी रात्र खाली गेली तर सोडून द्या. नळाला पाणी रात्री दोनला आलं आणि बादल्या भरल्या, एवढंही त्याला पुरतं. सलग पाच-सहा रात्री विश्रांतीतले ठोके तुमच्या सरासरीपेक्षा पाच-सातनं जास्त आणि एचआरव्ही कमी राहिला, तर मग विचारा: ताप येतोय का, झोप किती तास होतेय, रात्रपाळी लागलीय का, दारू घेतोय का, काळजी कसली आहे. क्रम हाच ठेवा. डेंगीची कणकणही घड्याळात ताण म्हणूनच दिसते.

‘ताण वाढला आहे’ अशी सूचना देऊन मनगटावर थरथरणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ज्याला आधीच छातीत धडधडण्याची भीती आहे, पॅनिकचे झटके येतात, त्याच्यासाठी ही सूचना म्हणजे आगीत तेल. धडधड झाली, घड्याळ थरथरलं, आकडा लाल दिसला, भीती वाढली, धडधड आणखी वाढली. अशा माणसाला हे घड्याळ वाढदिवसाला भेट देऊ नका. पॅनिकच्या उपचारात धडधड धोक्याची नाही हे शरीराला शिकवायचं असतं, आणि घड्याळ दर तासाला नेमका उलटा धडा देतं.

श्वासाचा सराव करवून घेणारी सोय मात्र चांगली आहे, जवळपास सगळ्या घड्याळांत आहे आणि मनापासून वापरावी अशी आहे. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. नाकानं, खांदे न उचलता. चक्कर आली तर श्वास फार खोल घेताय, तो लहान करा, वेग तोच ठेवा. एक मेख लक्षात असू द्या. संथ श्वासानं ठोक्यांमधली अंतरं जास्त हेलकावतात आणि त्यामुळे एचआरव्ही लगेच वाढतो. म्हणजे सरावानंतर पडलेला ताणाचा गुण काही अंशी हिशेबाचाच परिणाम असतो. बरं वाटलं तर ते खरं, आकडा कितीनं उतरला याला महत्त्व नाही. आणि हा सराव करायला घड्याळ लागतच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुरतो, पहाटे कंबर तलावाच्या कडेला बसलात तर तोही नको, मनात आकडे मोजा.

काउंटरवरचे जोडीदार

ताणाच्या बाजारात घड्याळ एकटं नाही. तपासणीच्या पॅकेजात ‘स्ट्रेस प्रोफाइल’ म्हणून सकाळचं कॉर्टिसॉल लावलेलं असतं. ही तपासणी ग्रंथींच्या आजारांसाठी आहे. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, शिवाय सुईच्या भीतीनंही वाढतं. एका सकाळच्या एका आकड्यावरून आयुष्यातला ताण कळत नाही. पैसे घालवू नका.

अश्वगंधाच्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त घेतल्या जातात. छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे, पण क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत आणि थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि झोपेचं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. लोहचुंबकाच्या कड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ताण खरंच मोजायचा असेल तर

कागद आणि पेन घ्या. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ताणाची प्रश्नावली (पीएसएस) आजही जगभर वापरात आहे. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याबद्दल विचारतात: अनपेक्षित घडल्यानं किती वेळा अस्वस्थ झालात, गोष्टी हाताबाहेर गेल्यात असं किती वेळा वाटलं, वगैरे. प्रत्येकाला ० ते ४ गुण. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न चांगल्या बाजूनं विचारलेला असतो, तिथले गुण उलटे धरायचे, म्हणजे ४ चा ०. बहुतेकांची बेरीज इथंच चुकते. एकूण १३ पर्यंत कमी, १४ ते २६ मध्यम, २७ ते ४० जास्त असं सर्वसाधारणपणे धरतात.

ताण आणि नैराश्य एक नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न असेल, कशात रस वाटत नसेल, तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. मराठीतही मिळते. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं, निदान ते करतील. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं ० सोडून काहीही आलं तर बेरीज बघायची नाही, त्याच दिवशी बोलायचं.

बोलायला टेली-मानस आहे. १४४१६, केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास. फोन लावायचा, भाषा निवडायची, समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. २० भाषांत चालते, त्यात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही आहेत. सोलापूरला हे फार मोलाचं. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या बाईला किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांना दुःख सांगायला परकी भाषा वापरावी लागली की अर्धं दुःख आतच राहतं. मर्यादाही सांगायला हवी. फोनवरचं समुपदेशन म्हणजे दर आठवड्याला भेटणारा एकच थेरपिस्ट नव्हे. लांब उपचार लागणार असतील तर माणसासमोर बसावंच लागतं. त्यासाठी सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा, मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद आणि पीएचक्यू-९ चा भरलेला कागद बरोबर न्यायचा. घड्याळाचे आलेख दाखवायचेच असतील तर झोपेचे तेवढे दाखवा, किती वाजता झोप लागते नि किती वेळा मोडते हे डॉक्टरांच्या उपयोगाचं आहे.

घेताना

पुन्हा दुकानात. दीड-दोन हजारांच्या घड्याळात रात्रभराचा एचआरव्ही मिलिसेकंदांत दिसतो का, ते ॲप उघडून बघा. बऱ्याचदा फक्त रंगीत चेहरा नि गुण असतो, कच्चा आकडा नसतो. चेहरा काही कामाचा नाही. नोंदी फोनमधून बाहेर काढता येतात का, ॲप संपर्क-यादीची परवानगी कशाला मागतंय, रात्रभर मोजणी चालू ठेवली तर बॅटरी किती दिवस टिकते, हे विचारा. सुईशिवाय साखर मोजतं म्हणणारं घड्याळ दाखवलं तर त्या काउंटरवरून उठा. अशा घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. साखर मोजण्यात जो दुकानदार फसवतो तो ताणात सोडेल असं समजू नका. बिल पक्कं घ्या, हप्त्यावर घेऊ नका. आणि टॉवेल परत पिशवीत टाकायला विसरू नका.